जेडीबीसी टेम्प्लेट वापरूनही कनेक्शन पूल आटतो तेव्हा काय तपासायचं

लक्षणं

रिस्टार्ट केल्यावर ॲप्लिकेशन झकास चालतं. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, पानं उघडायला वेळ लागायला लागतो. मग एखादं पान बरोबर अर्धा मिनिट नुसतं फिरत राहतं आणि एरर देतं. लॉग उघडला की स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची ‘फेल्ड टू ऑब्टेन जेडीबीसी कनेक्शन’ ही ओळ दिसते आणि तिच्याखाली मूळ कारण म्हणून हिकारीची, म्हणजे डेटाबेसची उघडी कनेक्शनं साठवून मागेल त्याला देणाऱ्या आणि काम झालं की परत घेणाऱ्या कनेक्शन पूलची, ओळ असते: ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस’. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे डेटाबेसमधले बदल) सुरू होतानाच गाडी अडली असेल तर वरची ओळ ‘कुड नॉट ओपन जेडीबीसी कनेक्शन फॉर ट्रान्झॅक्शन’ अशी येते.

त्याच वेळी डेटाबेसचा सर्व्हर मात्र निवांत असतो. सीपीयू खाली, डिस्क शांत. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, सांगतात की त्यांच्या बाजूला काहीच अडलेलं नाही, आणि ते खरंही असतं. ॲप्लिकेशन रिस्टार्ट केलं की सगळं पुन्हा सुरळीत, पुढच्या खेपेपर्यंत.

आणखी एक लक्षण सहज नजरेतून सुटतं. स्प्रिंग बूटची हेल्थ तपासणीसुद्धा डेटाबेसची खात्री करायला पूलमधलंच कनेक्शन मागते. पूल आटला की तीही नापास होते. सर्व्हरांमध्ये काम वाटणारा लोड बॅलन्सर त्या सर्व्हरला बाजूला काढतो किंवा कंटेनर आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे काही ठिकाणी दोष महिनोन्‌महिने ‘मधूनच रिस्टार्ट होतं’ एवढ्याच रूपात दिसत राहतो.

हे सगळं स्प्रिंग बूट, हिकारी पूल आणि पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल अशा नेहमीच्या जोडणीबद्दल आहे. स्प्रिंग बूटच्या २०१८ मधल्या २.० आवृत्तीपासून हिकारी हाच ठरलेला पूल आहे, म्हणून तुमच्याकडेही बहुधा तोच असेल. हा दोष मी वेगवेगळ्या टीमच्या कोडमध्ये वारंवार दुरुस्त केला आहे. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच येतो: “आम्ही तर जेडीबीसी टेम्प्लेट वापरतो, ते कनेक्शन आपोआप परत करतं ना?” करतं. पण स्वतः घेतलेलंच परत करतं. टेम्प्लेट (स्प्रिंगचा मदतनीस) आणि त्याखालचं जेडीबीसी (जावाचा डेटाबेसशी बोलायचा इंटरफेस) जिथे एकाच कोडमध्ये मिसळलेली असतात, तिथल्या सांध्यात ही गळती होते, म्हणजे घेतलेलं कनेक्शन पूलकडे परत जातच नाही. त्या सांध्यापर्यंत पोहोचायचं, पण सोप्या गोष्टींपासून सुरुवात करून.

रिस्टार्ट करण्याआधी चार आकडे लिहून घ्या

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. हिकारीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्या एररच्या ओळीतच टोटल, ॲक्टिव्ह, आयडल आणि वेटिंग असे चार आकडे छापलेले असतात. जुन्या आवृत्तीत हिकारीच्या पॅकेजची लॉग पातळी डीबगवर नेली की दर तीस सेकंदांनी तेच आकडे लॉगमध्ये पडतात.

टोटल १०, ॲक्टिव्ह १०, आयडल ०, वेटिंग काहीही, असं दिसलं तर पुढे वाचा. पूलचा कमाल आकार तुम्ही बदलला नसेल तर तो १० असतो आणि दहाच्या दहा कनेक्शनं कुणीतरी धरून ठेवली आहेत, असा याचा अर्थ.

पण टोटलच कमाल आकारापेक्षा कमी असेल, उदाहरणार्थ ० किंवा ३, तर हा लेख तुमच्या दुखण्याचा नाही. तिथे पूलला नवी कनेक्शनं मिळतच नाहीत. पासवर्ड बदललाय का, फायरवॉल आडवी आली आहे का, डेटाबेसची स्वतःची मर्यादा भरली आहे का, हे बघा. ही मर्यादा मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेसला १०० आणि मायएसक्यूएलला १५१ असते. चार-पाच ॲप्लिकेशन्स एकाच डेटाबेसवर असतील आणि प्रत्येकाच्या तीन-चार प्रती चालत असतील, तर शंभर आकडा वाटतो तेवढा मोठा नाही.

पूलचा आकार वाढवू नका, निदान आत्ता

ही तपासणी नाही, पण इथेच सांगायला हवं, कारण याच टप्प्यावर कुणीतरी १० चे ५० करतं. गळती असेल तर दहा कनेक्शनं संपायला चार तास लागत होते, आता पन्नास संपायला वीस तास लागतील. दोष तसाच राहतो आणि तो दिसण्याची वेळ मात्र कार्यालयाबाहेरची, रात्रीची होते. शिवाय वाढवलेली चाळीस कनेक्शनं डेटाबेसच्या त्या शंभरातूनच येतात, म्हणजे शेजारच्या ॲप्लिकेशनचा वाटा कमी होतो.

तसंच मॅक्स लाइफटाइम, म्हणजे पूलमधल्या कनेक्शनचं कमाल आयुष्य, कमी करूनही काही होत नाही. त्याची मूळ किंमत ३० मिनिटं आहे आणि ‘अर्ध्या तासाने जुनी कनेक्शनं आपोआप निघून जातील’ अशी अनेकांची समजूत असते. वापरात असलेलं कनेक्शन हिकारी कधीही निवृत्त करत नाही, ते परत आल्यावरच करतो. हरवलेलं कनेक्शन हिकारीच्या हिशोबात ‘वापरात’च असतं.

गळती की गर्दी?

दोन्हींत लॉगची ओळ सारखीच येते, उपाय मात्र पूर्ण वेगळे. ओळखायचा स्वस्त मार्ग असा: वापर नसतो त्या वेळी, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, डीबग लॉगमधला ॲक्टिव्हचा आकडा बघा. कुणीच काही करत नसताना तो शून्यावर येत असेल तर गळती नाही, क्वेऱ्या संथ आहेत किंवा गर्दी खरी आहे. तो ३ वर थांबला, दुसऱ्या दिवशी ५ वर, असा पायऱ्या चढत गेला तर गळती. एकदा वर गेलेली पायरी खाली येत नाही, ही खूण पक्की.

रात्रीपर्यंत थांबता येत नसेल तर अडकलेल्या अवस्थेतच थ्रेड डंप काढा, म्हणजे ॲप्लिकेशनचा प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठे थांबलाय याचा उतारा. जेस्टॅक किंवा जेसीएमडी ही साधनं जेडीकेबरोबरच येतात. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप पुरेत. त्यात तीनपैकी एक चित्र दिसेल:

- दहा थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत सॉकेटवर थांबलेत आणि बाकीचे हिकारीच्या दारात: गर्दी, संथ क्वेरी, किंवा डेटाबेसमधलं लॉक.
- डेटाबेसशी कुणीच बोलत नाही, सगळे फक्त हिकारीच्या दारात: कनेक्शनं बेवारस झाली आहेत. गळती.
- सगळे हिकारीच्या दारात आहेत, पण त्यातल्या दहा थ्रेडच्या स्टॅकमध्ये जेडीबीसी टेम्प्लेट एकदा नाही, दोनदा दिसतं: हा वेगळाच प्रकार आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

गळती पकडणारी सेटिंग

हिकारीत ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ नावाची सेटिंग आहे. मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद. ती मिलिसेकंदांत द्यायची; २००० पेक्षा कमी किंवा मॅक्स लाइफटाइमपेक्षा जास्त दिली तर हिकारी ती मानत नाही. तुमची सर्वांत लांब रास्त क्वेरी जेवढा वेळ घेते त्याच्या थोडी वर ठेवा. बहुतेक वेब ॲप्लिकेशन्सना ६०००० चालून जातं. रात्रीचे मोठे अहवाल त्याच पूलवर असतील तर आणखी वाढवा, नाहीतर लॉगमध्ये खोट्या तक्रारींची रांग लागते.

कनेक्शन त्या वेळात परत आलं नाही की हिकारी लॉगमध्ये इशारा देतो आणि ते कनेक्शन *घेतलं गेलं* त्या जागेचा स्टॅक छापतो. सगळ्या तपासणीत इतका नेमका पुरावा दुसरा नाही. त्या स्टॅकमध्ये तुमच्या स्वतःच्या पॅकेजची पहिली ओळ शोधा. दोषी फंक्शन तेच किंवा त्याला बोलावणारं.

दोन गोष्टी नीट वाचा. एक, ही सेटिंग कनेक्शन परत आणत नाही, फक्त ओरडते. दोन, काही वेळाने त्याच कनेक्शनबद्दल ‘प्रीव्हियसली रिपोर्टेड लीक्ड कनेक्शन... वॉज रिटर्न्ड टू द पूल’ अशी ओळ आली तर ती गळती नव्हती, फार वेळ धरून ठेवलेलं कनेक्शन होतं. ते प्रकरण ट्रान्झॅक्शनच्या तपासणीत येईल.

कोडमध्ये ‘गेटकनेक्शन’ शोधा

आता सांध्यापाशी आलो. इथे वेळ द्या.

जेडीबीसी हा जावाचा मूळ इंटरफेस, १९९७ मध्ये जेडीके १.१ बरोबर आलेला. त्यात कनेक्शन घ्यायचं, स्टेटमेंट बनवायचं, पॅरामीटर भरायचे, रिझल्टसेटवर फिरायचं, मग उलट्या क्रमाने तिन्ही बंद करायचं, आणि यातल्या कुठल्याही पायरीवर उडणारं एसक्यूएल एक्सेप्शन पकडायचं, हे सगळं लिहिणाऱ्याच्या अंगावर असतं. २०११ च्या जावा ७ मध्ये ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ येईपर्यंत ते बिनचूक लिहायला फायनली ब्लॉकच्या आत पुन्हा ट्राय, अशी उतरंड रचावी लागे. कुणी ना कुणी एखादी पायरी विसरायचंच.

जेडीबीसी टेम्प्लेट याच घोळावर उपाय म्हणून स्प्रिंगमध्ये आलं. तुम्ही क्वेरी, पॅरामीटर आणि ‘एका ओळीचं काय करायचं’ एवढं देता. कनेक्शन घेणं, स्टेटमेंट बंद करणं, कनेक्शन परत करणं, एसक्यूएल एक्सेप्शनचं डेटा ॲक्सेस एक्सेप्शनमध्ये रूपांतर करणं, हे टेम्प्लेट करतं, आणि मध्ये काहीही फुटलं तरी करतं. केटरर जेवण वाढतो आणि त्याची भांडी तोच मोजून नेतो, पण तुम्ही स्वतः जाऊन मंडपवाल्याकडून चार पातेली आणलीत तर ती परत पोहोचवणं तुमच्याकडेच राहतं.

ती ‘स्वतः आणलेली पातेली’ कोडमध्ये बहुतेक वेळा अशा रूपात सापडतात: टेम्प्लेटकडून डेटासोर्स मागायचा आणि त्या डेटासोर्सवर थेट गेटकनेक्शन बोलवायचं. एकाच ओळीत दोन्ही. ओळीची सुरुवात टेम्प्लेटच्या नावाने होते, म्हणून कोड वाचणाऱ्याला वाटतं की टेम्प्लेटच सांभाळतंय. टेम्प्लेटला मात्र त्या कनेक्शनचा पत्ताच नसतो. ते पूलमधून थेट आलं आहे आणि क्लोज केल्याशिवाय परत जाणार नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे क्लोज लिहिलेलं आहे, पण फायनलीत किंवा ट्राय विथ रिसोर्सेसमध्ये नाही, फंक्शनच्या शेवटच्या ओळीत आहे. नेहमीच्या दिवशी सगळं बरोबर चालतं. ज्या दिवशी एखाद्या ओळीत तारखेच्या जागी भलतंच काही येतं किंवा रकाना रिकामा असतो, त्या दिवशी मध्येच एक्सेप्शन उडतं, शेवटची ओळ येतच नाही आणि एक कनेक्शन जातं. म्हणून गळती ‘मधूनच’ होते, महिनाअखेरीला जास्त होते आणि टेस्टिंगमध्ये सापडत नाही. लॉगमध्ये पूल आटण्याच्या *आधीच्या* तासांत कुठली एक्सेप्शनं पडली, हे नक्की बघा. दहा गळती म्हणजे दहा एक्सेप्शनं, आणि ती तिथेच सापडतात.

शोधायचं काय: सगळ्या प्रोजेक्टमध्ये ‘गेटडेटासोर्स’ आणि ‘गेटकनेक्शन’. ज्या फायलींत टेम्प्लेट आणि हे शब्द एकत्र सापडतील त्या आधी उघडा. अहवाल बनवणाऱ्या लायब्ररीला कनेक्शन हवं म्हणून, मोठी आयात करायची म्हणून, स्टोअर्ड प्रोसीजर चालवायची म्हणून, अशाच ठिकाणी हे असतं.

दुरुस्ती अशी. थेट जेडीबीसी हवंच असेल तर टेम्प्लेटच्या एक्झिक्यूट मेथडला कनेक्शन कॉलबॅक द्या. आत तुम्हाला खरंखुरं कनेक्शन मिळतं, हवं ते करा, बाहेर पडताना टेम्प्लेट ते स्वतः परत करतं. पोस्टग्रेसची कॉपी सुविधा वापरायची असेल तरी त्याच कॉलबॅकमध्ये अनरॅप करून ड्रायव्हरचं मूळ कनेक्शन मिळवता येतं. थेट जेडीबीसीला माझा विरोध नाही. काही कामं त्यातच नीट होतात. फक्त ती टेम्प्लेटच्या हातून मागून करा.

स्ट्रीम

टेम्प्लेट स्वतः घेतलेलं कनेक्शन परत करतंच, या नियमाला एक अपवाद आहे आणि तो फार जणांना माहीत नसतो. स्प्रिंग ५.३ मध्ये ‘क्वेरीफॉरस्ट्रीम’ आलं. ते जावाचं स्ट्रीम परत देतं आणि तुम्ही त्यातून ओळी ओढेपर्यंत कनेक्शन उघडं ठेवणं त्याला भागच असतं. तुमचं वाचन कधी संपलं हे त्याला कळत नाही. स्ट्रीम शेवटपर्यंत वाचलं तरी ते आपोआप बंद होत नाही. म्हणजे ते ट्राय विथ रिसोर्सेसमध्ये घेतलं नाही, तर ट्रान्झॅक्शनबाहेरच्या प्रत्येक कॉलला एक कनेक्शन जातं. २०२३ मध्ये स्प्रिंग ६.१ बरोबर आलेल्या जेडीबीसी क्लायंटच्या स्ट्रीमलाही हाच नियम आहे.

‘क्वेरीफॉरलिस्ट’ लिहिलेलं होतं, कुणीतरी मेमरी वाचवायला स्ट्रीम केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पूल आटू लागला, असं झालं असेल तर इथेच थांबून बघा. ओळी काही हजारच असतील तर मी सरळ लिस्टवर परत जायला सांगतो.

क्वेरीच्या आत क्वेरी

थ्रेड डंपमध्ये एकाच थ्रेडच्या स्टॅकमध्ये टेम्प्लेट दोनदा दिसलं होतं, तो हा प्रकार. एका क्वेरीच्या रो मॅपरमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळ वाचताना, दुसरी क्वेरी केली जाते: बिल वाचताना त्याचा ग्राहक, ग्राहक वाचताना त्याचा पत्ता. बाहेरची क्वेरी अजून संपलेली नाही, तिचं कनेक्शन हातातच आहे. ट्रान्झॅक्शन चालू असेल तर आतली क्वेरी तेच कनेक्शन वापरते. ट्रान्झॅक्शन नसेल तर ती पूलकडे दुसरं मागते.

एकेका माणसाने वापरलं तर काहीच दिसत नाही. दहा जणांनी एकाच क्षणी तेच पान उघडलं की दहा थ्रेड दहा कनेक्शनं धरून अकराव्याची वाट बघतात. कुणीच सोडत नाही, कारण प्रत्येकाला सोडायला आधी आणखी एक हवं आहे. तीस सेकंदांनी सगळे एकदम फुटतात, दहाही कनेक्शनं परत येतात आणि आकडे पुन्हा निरोगी दिसतात. कनेक्शन हरवलेलंच नसल्यामुळे नंतर शोधायला गेलं की काही सापडत नाही.

पहिला उपाय म्हणजे जॉइन लिहून एकाच क्वेरीत काम करणं. ते शक्य नसेल तर आधी बाहेरची यादी पूर्ण वाचून घ्या, मग आतल्या क्वेऱ्या करा. आणि एका थ्रेडला एकाच वेळी एकापेक्षा जास्त कनेक्शनं लागणं खरंच टाळता येत नसेल, तर हिकारीच्या दस्तऐवजांतलं सूत्र वापरा: थ्रेडची कमाल संख्या गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शनं वजा एक), अधिक एक. तीन थ्रेड आणि प्रत्येकी चार कनेक्शनं असतील तर ३ × ३ + १, म्हणजे १०. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे मूळ २०० थ्रेड आणि प्रत्येकी दोन कनेक्शनं धरली तर उत्तर २०१ येतं. पूल वाढवणं हा इथे मार्ग का नाही, ते या एका आकड्यावरून कळावं. ‘रिक्वायर्स न्यू’ लावलेल्या ट्रान्झॅक्शनलाही हेच गणित लागू आहे, कारण बाहेरचं ट्रान्झॅक्शन आपलं कनेक्शन धरून थांबतं आणि आतलं दुसरं मागतं.

ट्रान्झॅक्शनमध्ये काय काय चाललंय

ट्रान्झॅक्शनल लावलेल्या मेथडमध्ये पेमेंट गेटवेला कॉल, एसएमएस पाठवणं, पीडीएफ बनवणं असं काही आहे का? कनेक्शन ट्रान्झॅक्शन सुरू होताना घेतलं जातं आणि संपेपर्यंत धरलेलं राहतं, मग मधली आठ सेकंदं समोरच्या सर्व्हरची वाट बघण्यात का जाईनात. डेटाबेस निवांत आणि पूल रिकामा, हे कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. बाहेरचे कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा.

आता टेम्प्लेट आणि थेट जेडीबीसी यांच्यातला मला सर्वांत घातक वाटणारा फरक. तो गळतीच्याही पलीकडचा आहे. टेम्प्लेट कनेक्शन मागताना आधी बघतं की या थ्रेडवर ट्रान्झॅक्शन चालू आहे का. असेल तर त्याचंच कनेक्शन घेतं. डेटासोर्सवर थेट गेटकनेक्शन बोलावलंत तर ही चौकशी होत नाही, पूलमधून वेगळं कनेक्शन येतं. ते तुम्ही ट्राय विथ रिसोर्सेसमध्ये अगदी नीट बंद केलं, म्हणजे गळती नाही, तरी ते तुमच्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर आहे. टेम्प्लेटने नुकतीच घातलेली ओळ त्याला दिसणार नाही. त्याने लिहिलेलं रोलबॅकमध्ये परत जाणार नाही. पैशाच्या नोंदी असतील तर अर्धी नोंद राहिली, असा प्रकार घडतो.

आणि दोघांनी एकच ओळ बदलायचा प्रयत्न केला तर? टेम्प्लेटच्या कनेक्शनने ओळीवर लॉक घेतलंय. दुसरं कनेक्शन त्या लॉकची वाट बघतंय. पहिलं सुटायला ट्रान्झॅक्शन संपायला हवं, आणि ट्रान्झॅक्शन संपवणारा थ्रेड दुसऱ्या कनेक्शनवर अडकलाय. डेटाबेसला हे डेडलॉक म्हणून ओळखता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने पहिलं कनेक्शन कशाचीही वाट बघत नाही, नुसतं रिकामं बसलंय. मायएसक्यूएल मूळ सेटिंगला ५० सेकंदांनी एरर देऊन सोडवतं. पोस्टग्रेसमध्ये लॉक टाइमआउटची मूळ किंमत शून्य आहे, म्हणजे तो कितीही वेळ थांबेल. इथेही औषध तेच, कनेक्शन कॉलबॅक. जुना कोड बदलणं अशक्य असेल तर स्प्रिंगचा ‘ट्रान्झॅक्शन अवेअर डेटासोर्स प्रॉक्सी’ मध्ये घाला. मग थेट मागितलेलं कनेक्शनही चालू ट्रान्झॅक्शनचंच येतं.

एवढं आणखी बघा: ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेलं असतं. मेथडच्या आत पॅरलल स्ट्रीम किंवा असिंक वापरलंय का? ते नवे थ्रेड ट्रान्झॅक्शनच्या बाहेर असतात आणि प्रत्येक जण आपलं कनेक्शन मागतो.

डेटाबेसच्या बाजूने बघणं

याला डेटाबेसवर वाचनाचे हक्क लागतात, म्हणून इतक्या उशिरा. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या व्ह्यूत तुमच्या ॲप्लिकेशनची सगळी सत्रं दिसतात. स्टेट, स्टेट चेंज, बॅकएंड स्टार्ट आणि क्वेरी हे चार रकाने पुरेत.

‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ आणि स्टेट चेंज बराच जुना: कुणीतरी ऑटोकमिट बंद करून काम केलं आणि ना कमिट केलं ना रोलबॅक, किंवा ट्रान्झॅक्शनच्या मध्ये बाहेरचा कॉल चाललाय.

‘आयडल’ आहे, पण बॅकएंड स्टार्ट तीन तासांपूर्वीचा: पूलमध्ये परत आलेलं कनेक्शन मूळ सेटिंगला साधारण अर्ध्या तासात निवृत्त होतं. ते झालं नाही, म्हणजे पूलच्या मते ते वापरात आहे. डेटाबेसच्या मते ते रिकामं आहे. दोघांच्या म्हणण्यातली ही तफावत म्हणजे गळती. आणि क्वेरीच्या रकान्यात त्या सत्राने शेवटची चालवलेली क्वेरी अजून तशीच असते. ती कोडमध्ये शोधली की बहुधा दोषी फायलीतच पोहोचता.

कुणी कुणाला अडवलंय हे बघायला पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीपासून ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ हे फंक्शन आहे. त्याच आवृत्तीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ही आलं. ते लावून ठेवणं चांगलं, पण त्याला दुरुस्ती समजू नका. ते सत्र तोडतं, तोडण्याचं कारण तुमच्या कोडमध्ये शिल्लकच असतं.

ओरॅकल असेल आणि पूलच्या तक्रारीऐवजी ‘ओआरए-०१०००’, म्हणजे कर्सरची मर्यादा ओलांडल्याची एरर येत असेल, तर कनेक्शन नव्हे, स्टेटमेंट उघडी राहत आहेत. लांब चालणाऱ्या लूपमध्ये थेट जेडीबीसीने प्रत्येक फेरीला नवं स्टेटमेंट बनवलेलं असतं. कनेक्शन बंद करताना हिकारी उघडी स्टेटमेंट बंद करतो, पण लूप संपेपर्यंत कनेक्शन बंदच होत नाही.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः पुढे जाऊ नका.

नोंदी अर्ध्या लिहिल्या गेल्यात किंवा दोनदा लिहिल्या गेल्यात असा संशय आला तर पूलचं नंतर बघा. आधी डीबीएंना आणि हिशोब सांभाळणाऱ्यांना कळवा. चालू सत्रं डेटाबेसवरून मारून टाकू नका. अशा सत्रात कमिट न झालेली कामं असू शकतात आणि काय गेलं हे नंतर सांगता येत नाही.

लॉक धरून बसलेलं सत्र तुमच्या ॲप्लिकेशनचं नसेल तर तो डीबीएंचा विषय आहे. टोटलचा आकडा वर चढत नसेल आणि पासवर्ड, मर्यादा सगळं ठीक असेल, तर नेटवर्कवाल्यांना बोलवा. मधली फायरवॉल शांत कनेक्शनं न सांगता तोडते, हे त्यांनाच बघता येतं. गळतीचा इशारा एकही नाही, कोडमध्ये थेट गेटकनेक्शन नाही, स्ट्रीम नाही, तरी ॲक्टिव्ह खाली येत नाही आणि थ्रेड डंपमध्ये थ्रेड ड्रायव्हरच्या आत अडकलेले दिसतात, तर ड्रायव्हरची आणि हिकारीची आवृत्ती बघून अनुभवी माणसाकडे द्या. तिथे अंदाजाने सेटिंग बदलत बसलात तर पुरावा नाहीसा होतो.

त्यांच्याकडे जाताना एकाच वेळी घेतलेल्या या गोष्टी द्या: पूल आटण्याच्या आधीच्या काही तासांचा लॉग, तीन थ्रेड डंप, पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीचा उतारा, आणि जावा, स्प्रिंग, हिकारी, ड्रायव्हर व डेटाबेस यांच्या आवृत्त्या. सगळं रिस्टार्टच्या आधीचं हवं. कॉन्फिगरेशनची फाइल जोडणार असाल तर त्यातला पासवर्ड आधी काढून टाका.